कडुनिंबाखालची परात

माझा हात लवकर उठतो. घरात, शेतात, बाजारात सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि मी ते लपवतही नाही. आमचं मधपाळ मंडळ सुरू झालं त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका माणसाच्या कानशिलात दोनदा लगावली होती. त्यानं नाल्याकाठच्या उंबरावरचं आग्या मोहोळ बांबूला टायर बांधून जाळलं होतं. मध काढून घेतला आणि उरलेलं पोळं तिथंच फेकून दिलं. मी पोचलो तेव्हा अर्धवट भाजलेल्या माश्या मातीत गोल गोल फिरत होत्या, पांढऱ्या अळ्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि तो बाजूला बसून बोटं चाटत होता. मी आधी मारलं, मग विचारलं.

त्या दोन थपडांचं मंडळात फार कौतुक झालं. पुढच्या सभेत मला सचिव केलं. तेव्हापासून मी स्वतःला माश्यांचा वाली समजायला लागलो. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला जेवढी अक्कल येते तेवढी मला आली होती, म्हणजे मी कुणाचं ऐकून घेणं बंद केलं होतं.

मधमाश्या पाळणं म्हणजे गोड काम, असं लोकांना वाटतं. आमच्या मंडळाच्या सभा त्यांनी पाहायला हव्या होत्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण कुणा एकाच्या शेतावर जमायचो आणि त्याच्या पेट्या उघडायचो. म्हातारी झालेली राणी शोधायची आणि चिमटीत धरून तिचं डोकं चेपायचं, हे पहिलं काम. दुसरं काम गांधीलमाश्यांचं. पेटीच्या दाराशी टपून बसलेल्या त्या पिवळ्या धटिंगणांना आम्ही चपलेनं ठेचायचो आणि कुणी किती ठेचल्या यावर चहा व्हायचा. हंगाम सरला की कामकरी माश्याच आपल्या नरांना पंख धरून बाहेर ओढतात. ते जाड, आळशी, डंख नसलेले नर दारासमोर उताणे पडून पाय झाडत राहायचे आणि आम्ही ते पाहत वाकून उभे असायचो. या सगळ्याची आम्हाला सवय झाली होती. मारणं हा त्या कामाचा भाग होता, आणि मला तो आवडायचा, हेही सांगून टाकतो.

मंडळात एकच बाई होती. गावच्या शाळेत शिकवणारी, चार पेट्यांची मालकीण. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. तिच्याजवळ एक वही असायची. कोणतं झाड कधी फुललं, कधी कोमेजलं, कोणत्या पेटीचं वजन कधी घटलं, सगळं त्यात. मला त्या वहीचा राग यायचा, कारण मी सभेत काही ठणकावून सांगितलं की ती पानं उलटायची आणि हळूच म्हणायची, की भाऊ, मागच्या वर्षी तसं झालं नव्हतं. तिचं बरोबर असायचं, म्हणून राग जास्त.

माझ्या बावीस पेट्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होत्या. धुऱ्याच्या पलीकडे ज्याचं शेत, तो मंडळात नव्हता, पण या सगळ्याचा मूळ धनी तोच म्हणायला हवा. आम्ही दोघं एकाच वर्गात एकाच वर्षी नापास झालो होतो आणि आमची लग्नं एकाच उन्हाळ्यात लागली होती. माझ्या बाजूला एक झाड नाही. त्याच्या बाजूला, धुऱ्यापासून तीस-चाळीस पावलांवर एक डेरेदार कडुनिंब. मी पेट्या आणल्या तेव्हा त्याच्या घरचे म्हणाले, ही ब्याद धुऱ्यावर नको. तो म्हणाला, असू द्या, त्याले कायतरी नाद पाहिजे, नाही तर लोकाइले मारत फिरते. माश्यांना तो माझ्या सुना म्हणायचा. सकाळी शेतात आला की लांबूनच विचारायचा, सुना उठल्या का.

आमच्या शिवारात आता बहुतेकांकडे ट्रॅक्टरनंच काम होतं. बैलजोडी राखून असलेल्या दोघा-तिघांत तो एक. एक बैल पांढरा, एक तांबडा. दोन्ही त्यानं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेले, कुणाकडून विकत न आणलेले. वखर सोडला की त्यांना कडुनिंबाला बांधायचं, समोर कुटार, म्हणजे तुरीचा भुसा टाकायचा आणि आपण विहिरीवर जाऊन हातपाय धुवायचे, हा त्याचा रोजचा रिवाज. दोन वर्षं माश्या आणि बैल शेजारी नांदले. एकदाही काही झालं नाही.

आता त्या परातीचं सांगतो.

पहिल्या डिसेंबरात तूर फुलली होती. सगळं शिवार पिवळं आणि पेट्या इतक्या जड, की उचलताना कंबर लचकावी. मध काढताना पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवरचं मेणाचं झाकण सुरीनं खरवडावं लागतं. ते मेण मधानं थबथबलेलं असतं. मी ते बोरी अरबच्या बाजारातून आणलेल्या पितळी परातीत गोळा केलं आणि कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं. उन्हात ठेवलं असतं तर मेण वितळून लगदा झाला असता आणि सावली तेवढीच होती. तासाभरात माश्यांनी परात चाटूनपुसून लख्ख केली. भांडण नाही, तंटा नाही. मी सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणालो, की आपण यांचं घर लुटतो, तर यांचा वाटा यांना द्यायलाच हवा. टाळ्या पडल्या. तेव्हापासून जिथं मध निघेल तिथं परात ठेवायची अशी मंडळाची रीतच पडली. माश्यांचा वाटा. पाहुणे त्याचे फोटो काढायचे. काही जण तर परातीला हात जोडायचे.

मॅडमनं एकदा वही उघडून सांगितलं होतं, की तूर फुलली असताना हे चालतं, कारण बाहेर भरपूर असतं. बाहेर काही नसेल तेव्हा उघड्यावर मध ठेवला तर माश्या एकमेकींच्या पेट्यांवर तुटून पडतील. मी तिला सर्वांसमोर म्हणालो, "मॅडम, तुमी शाळेत पोट्टे शिकवा. माश्या मले समजतात." तिनं वही मिटून पर्समध्ये ठेवली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वणीकडचे सहा-सात जण आमचं काम बघायला येणार होते. त्यांना तिकडे असंच मंडळ काढायचं होतं. कडुनिंबाचा आणि करंजाचा फुलोरा संपून पंधरा दिवस झाले होते. रानात माशीला बसायला फूल नव्हतं. मध तसा आधीच काढायला हवा होता, पण पाहुण्यांसमोर चौकटी काढून यंत्र फिरवायचं, सोनेरी धार दाखवायची, म्हणून मी थांबवून ठेवला होता. सकाळी सातला सुरू करून उन्हाआधी आटपायचं ठरलं. पाहुण्यांची गाडी पोचली दहाला. मॅडम म्हणाली, आज पेट्या उघडू नका, नुसत्या दाखवा. मी ऐकलं नाही.

धुऱ्यापलीकडे माझा दोस्त त्या दिवशी पहाटेपासून वखर हाकत होता. दहा वाजता त्यानं जोडी सोडली, दोन्ही बैल नेहमीप्रमाणे कडुनिंबाच्या बुंध्याला दाव्यानं बांधले, कुटार टाकलं आणि जाता जाता मला हाक मारून म्हणाला, की आज सुना चिडल्यासारख्या वाटतात. मी हातानंच त्याला उडवून लावलं. तो विहिरीकडे गेला.

मध निघाला. पाहुणे खूश झाले. मी परात उचलली, कडुनिंबाखाली नेली आणि बैलांपासून दहा पावलांवर ठेवली. माश्यांच्या वाट्याचं माझं भाषण केलं. तांबडा बैल मान वळवून परातीकडे बघत होता हे मला आठवतं. त्याला वाटलं असेल, आपल्यासाठीच काही आणलं.

पहिली पाच-दहा मिनिटं सगळे हसत होते. माश्या आल्या, परात काळी झाली. मग आवाज बदलला. रोजचा गुणगुणाट संपला आणि एक चढा, चिरका सूर सुरू झाला. परातीतला मध संपला होता आणि त्यांना आणखी हवा होता. धुऱ्यावरच्या दुबळ्या पेट्यांच्या दारांवर झुंडी आदळायला लागल्या. मी धावत गेलो. दारासमोर माश्यांचे गोळे लोळत होते, एकीवर पाच-पाच, पाय तोडत, पंख उपटत, एकमेकींच्या पोटात डंख खुपसत. आतून ज्या बाहेर येत होत्या त्या दारातच मारल्या जात होत्या. सातव्या पेटीच्या पुढ्यात मेलेल्यांचा बोटभर जाड थर साचला होता आणि त्याच्यावरून लुटारू माश्या आत घुसत होत्या. जाळलेलं मोहोळ मी पाहिलं होतं, पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि हे टायरवाल्यानं केलं नव्हतं.

तेवढ्यात एका पाहुण्यानं कानाशी आलेली माशी पंज्यानं चिरडली. दुसऱ्यानं टॉवेल फिरवला. डंख बसला की पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास माश्यांना बोलावतो. दोन मिनिटांत सगळीकडे तोच वास. लोक किंचाळत गाडीकडे पळाले. मॅडमनं दोघांना ढकलत गाडीत कोंबलं आणि काचा चढवल्या. उघड्यावर उरलो मी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे.

आणि दोन बांधलेले बैल.

ओरडणं मी ऐकलं. खोटं कशाला सांगू. बैल हंबरतो ते वेगळं आणि हे वेगळं. तो घशातून फाटून येणारा आवाज होता. मी वळून पाहिलं तर तांबड्याचं तोंड दिसत नव्हतं, डोळ्यांवर, नाकपुड्यांत, कानांत माश्याच माश्या. तो हिसडे देत बुंध्याभोवती फिरत होता आणि प्रत्येक फेरीला दावं आखूड होत होतं. माझ्याजवळ पेटी उघडायची धारदार पटाशी होती. चाळीस पावलं. अंगभर कपडे, तोंडावर जाळी.

मी पुन्हा पेट्यांकडे वळलो. ओलं गवत मुठीत घेऊन पेट्यांची दारं चिंचोळी करायला लागलो. लूट थांबवायची तर तेच करायचं असतं. एक पेटी झाली, दुसरी झाली. प्रत्येक पेटीला मला वाटायचं, ही एक झाली की जातो.

तो विहिरीवरून उघड्या अंगानं धावत आला. कमरेला नुसतं धोतर, हातात गवत कापायचा विळा. तो थांबला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ त्या काळ्या ढगात शिरला. पांढऱ्याचं दावं त्यानं एका फटक्यात तोडलं. पांढरा उधळून शेत ओलांडून नाल्याकडे गेला. तांबडा तोवर गुडघ्यांवर आला होता. दावं बुंध्याला इतकं आवळलं होतं की विळा खाली शिरत नव्हता. तो बैलाच्या मानेवर आडवा पडून दावं कापत होता आणि त्याची पाठ मला दिसत होती. पाठीचा रंग बदलत होता.

मग गेलो मी. तेव्हा गेलो. माश्या शांत करायच्या धुराड्याचा धूर सोडत, ताडपत्री ओढत. दावं तुटलं होतं, पण तांबडा उठत नव्हता. मी दोस्ताला बखोटीला धरून मागे ओढायला लागलो. त्यानं विळ्याच्या मुठीनं माझ्या तोंडावर ठोसा मारला, जाळीवरूनच. मी त्याला मारलं. आम्ही दोघं त्या बैलाच्या अंगावर, माश्यांच्या लोंढ्यात, एकमेकांना मारत होतो. त्याला बैल सोडायचा नव्हता आणि मला त्याला तिथून काढायचं होतं. शेवटी मी त्याच्या पोटात गुडघा घातला, ताडपत्रीत गुंडाळलं आणि पोत्यासारखं फरपटत गाडीपर्यंत नेलं. त्याचे ओठ सुजून नाकाला भिडले होते. डोळे नव्हतेच, दोन फटी होत्या. त्या फटींतून तो कडुनिंबाकडेच बघत होता.

मॅडमनं गाडी यवतमाळला पिटाळली. पाहुण्यांना वाटेत गावात उतरवलं, तेही गुमान उतरले. डॉक्टरांनी त्याच्या अंगातले काटे मोजायचं सोडून दिलं, असं तिनं नंतर सांगितलं. तांबडा तासाभरात मेला. जीभ बाहेर आली होती, आणि जिभेवरही काटे होते.

संध्याकाळी घरी आलो. बायको माझ्या सुजलेल्या ओठावर हळद लावायला आली, मी तिचा हात झटकला. खोलीत जाऊन दार लावलं. टोपी हातात घेतली आणि तिची जाळी दोन्ही मुठींनी टराटरा फाडली. उद्या कुणीतरी विचारेल, तुझ्या डोक्यावर जाळी होती ना, तर दाखवायला काही हवं. हे मी शांतपणे, विचार करून केलं. आयुष्यात मी रागानं बरंच काही फाडलं, फोडलं आहे. न रागावता फाडलेली ही एकच वस्तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको दारात आली. रात्रभर दवाखान्यात बसून आलेली, केस सुटलेले. तिच्या हातात ती परात होती, मेण वाळून चिकटलेलं आणि मेलेल्या माश्या त्यात अडकलेल्या. तिनं ती उंबऱ्यावर आपटली. फरशीचा टवका उडाला.

"तुमच्या माश्याइचा वाटा आणला, भाऊजी," ती म्हणाली. "घ्या, अन् ठेवा देवात."

ती गेल्यावरही परात बराच वेळ तिथंच पडून होती. बायकोनं ती उचलली नाही आणि मला उचलायला सांगितलंही नाही.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. दिवस मावळताना, सगळ्या माश्या घरात शिरल्यावर, मी पेट्रोलची बाटली घेऊन धुऱ्यावर गेलो. लूट करणारी पेटी कोणती ते मला ठाऊक होतं. सगळ्यात भरलेली, सगळ्यात लाडकी, पाहुण्यांना मी जी आधी दाखवायचो ती. तिचं झाकण उघडून बाटली उपडी केली आणि काडी लावली. आतून जो करपट वास आला तो थेट टायरवाल्याच्या मोहोळाचा. मी दुसऱ्या पेटीकडे वळलो, तर मॅडम धुऱ्यावरून पळत येत होती. तिनं माझ्या हातातली काडेपेटी हिसकली आणि माझ्या कानाखाली मारली. शाळेतल्या पोरांना मारायची तिला सवय नव्हती, हे त्या थपडेवरून कळलं, पण लागली.

"परात माश्यांनी ठेवली का?" तिनं विचारलं. "का तुम्ही ठेवली?"

मी खाली बसलो. जळणाऱ्या पेटीतलं मेण ठिबकत होतं. तिनं दुसऱ्या दिवशी मंडळातली माणसं आणून उरलेल्या पेट्या जंगलाच्या कडेला, वस्तीपासून लांब हलवल्या. मी सचिवपद सोडलं, कुणी थांबवलं नाही. आता ते तिच्याकडे आहे. उघड्यावर मध ठेवायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम आहे, तिच्या अक्षरात लिहिलेला.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तो खाटेवर बसला होता, तोंड थोडं उतरलेलं, एका डोळ्यानं बघत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं.

"तुह्या डोक्यावर जाळी होती. तू कुठं होता?"

मी तयार होतोच. जाळी फाटली होती, म्हणालो. चौकटीचा खिळा लागला. डोळ्यांत माश्या शिरल्या, मी पडलो, काही दिसेना. टोपी पिशवीतून काढून दाखवली. त्यानं ती हातात घेतली, फाटलेल्या कडांवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर पावसाळ्यात आमचं बोलणं होतं तेवढंच. धुऱ्यावर भेटलो की पाण्याचं, तणाचं. पांढरा बैल चार दिवसांनी नाल्यापलीकडे सापडला होता. त्याचा एक डोळा दुधाळ झाला. एकट्या बैलानं वखर चालत नाही, म्हणून त्यानं पेरणीला ट्रॅक्टर लावला आणि पांढरा गोठ्यात उभा राहू लागला. लोक त्याला सांगत, विकून टाक. तो ऐकत नव्हता. सुना उठल्या का, असं त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. मला त्या प्रश्नाची इतकी सवय होती की सकाळी शेतात पोचलो की कान तिकडे जायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, गरम पाण्यात बुडवलेल्या पळसाच्या पानांनी शेकायचं आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. लहानपणापासून आम्ही दोघं हे त्याच्या गोठ्यात मिळून करायचो. त्या संध्याकाळी मी गेलो. बोलावणं नव्हतं. अंघोळ केली होती, धुतलेला सदरा घातला होता. तीन महिन्यांत मी एकाही पेटीला हात लावला नव्हता.

गोठ्यात तो पांढऱ्याचा खांदा शेकत होता. कासरा डाव्या हाताला दोन वेढे देऊन धरलेला. शेजारचा खुंटा रिकामा होता, पण त्या खुंट्यालाही हळदीचं बोट लावलेलं होतं. मी दारातच उभा राहिलो, आणि तिथूनच सांगून टाकलं. जाळी फाटली नव्हती. मी घरी जाऊन फाडली. मी पडलो नव्हतो. मी पेट्यांना गवत लावत होतो.

तो शेकतच राहिला. पान पाण्यात बुडवलं, पिळलं, खांद्यावर ठेवलं.

"मी विहिरीच्या काठावरून पाह्यलं," तो म्हणाला. "धावताना पाहून राह्यलो होतो मी. तुह्या सात पेट्या झाल्या होत्या. मले वाटे, आता वळते, आता वळते."

मी एक पाऊल आत टाकलं. मला त्याचे पाय धरायचे होते की काय, मला सांगता येणार नाही. वारा माझ्या पाठीकडून गोठ्यात येत होता. पांढऱ्यानं मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. त्याचा दुधाळ डोळा माझ्या बाजूला होता, त्यामुळे त्यानं मला पाहिलं नसणार, पण त्याला कळलं. दोन वर्षांचा धूर आणि मेण माझ्या कातडीत मुरलं होतं, ते तीन महिन्यांत गेलं नव्हतं. तो फुरफुरला, शिंगं खाली घातली आणि सरळ माझ्या छातीवर आला.

मी हललो नाही. शौर्य नव्हतं ते. मला वाटलं, लागू दे.

शिंगाचं टोक सदऱ्याला लागलं आणि थांबलं. त्यानं कासरा सोडला नव्हता. दोन्ही पाय मातीत रोवून, मागे झुकून तो त्या बैलाला धरून उभा होता. बैल पुन्हा पुन्हा हिसडा देत होता आणि प्रत्येक हिसड्याला कासरा त्याच्या हातातून थोडा सरकत होता, वेढ्याखालचं कातडं सोलत. दोरीवर रक्त आलं. बोटं मोकळी केली असती तर काम झालं असतं, आणि कुणी त्याला दोषही दिला नसता. उघड्या हातानं, पुन्हा एकदा.

"तुह्या अंगाचा वास येते त्याले," तो दात आवळून म्हणाला. "जाय घरी. माह्यानं लय वेळ नाही धरवत."

मी मागे सरलो, दारातून बाहेर, वाऱ्याच्या पलीकडे. तरी तो कासरा धरूनच उभा होता, बैल शांत होईपर्यंत. मग त्यानं हात सोडवला, पाण्यात बुडवला आणि त्याच हातानं पुन्हा पळसाचं पान उचललं. बैलाला आवतन द्यायचं राहिलं होतं. ते त्यानं बैलाच्या कानाशी वाकून दिलं. मला ते अंगणात उभं राहून ऐकू आलं, आणि मी घरी आलो.